बरा हाय

साताऱ्याकडच्या माणसाकडून 'लय' हा शब्द काढून घेतला तर त्याची बोलतीच बंद होईल. ऊन लय असतं, ऊस लय उंच झालेला असतो, पाव्हणा लय मोठ्या घरचा असतो आणि भाजीत मीठही लयच पडलेलं असतं. अशा मुलखात पन्नाशी ओलांडूनही ज्याच्या तोंडून हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकला नाही, असा एकच माणूस मला भेटला. तात्या माने. रहिमतपूरच्या अलीकडं एका गावच्या पोस्टात ते तारेचं काम बघत. गावाचं नाव सांगत नाही. पुढं ज्या बायकांबद्दल सांगणार आहे त्यांची पोरंबाळं अजून तिथं नांदताहेत, आणि माझ्यापायी त्यांना खाली बघायला लागू नये.

मी मूळचा सांगलीचा. मोठा दुष्काळ सरल्यावर पुढच्या वर्षी माझी त्या पोस्टात कारकून म्हणून बदली झाली. आमच्या घरी सगळं टोकाचं चालायचं. आई दिवसातून चारदा "मेले बाई उकाड्यानं" म्हणायची. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. भाव जरा हलला की "सत्यानाश झाला" म्हणत घरी यायचे आणि दोन पोळ्या जास्त खायचे. त्यामुळं पहिल्याच दिवशी तात्यांनी मला घरी चहाला नेलं तेव्हा पहिल्या घोटाबरोबर मी सवयीनं म्हणून गेलो, "वहिनी, भयंकर सुंदर चहा!"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवं, ऐकलंसा का? भावजींना घरात येऊन घटका झाली न्हाई. आनि तुमी? बावीस वर्सं च्या करतीया तुमास्नी. एक डाव तरी काय म्हनलासा?"

तात्यांनी बशीतला चहा डोळे मिटून संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरा हाय."

"बगा!" वहिनी मला म्हणाल्या. "ह्येच्या म्होरं गाडी जात न्हाई."

"बरा हाय म्हंजे बराच हाय," तात्या म्हणाले. "उद्या ह्येच्यापरास झ्याक झाला, तर मग काय म्हनू?"

तसा उद्या कधी उजाडला नाही. चहा मात्र दिवसातून सहा वेळा व्हायचा. तात्यांचं घर पोस्टाच्या मागच्या अंगालाच होतं. बरोबर चार वाजता वहिनी खिडकीतून किटली आत द्यायच्या आणि तिथंच घुटमळत उभ्या राहायच्या. तात्या बशी तोंडाला लावायचे. "कसा झालाय?" "बरा हाय." मग त्या जायच्या. मला तेव्हा ती नवराबायकोची चेष्टा वाटे. त्या कशासाठी थांबतात हे कळायला मला उशीर झाला. तात्यांना त्याहून उशीर झाला.

तात्या तरुणपणी पलटणीत सिग्नलला होते, तिथंच तारेचं काम शिकले. अंगानं शिडशिडीत, डोक्याला कायम टोपी, बोटं बायकांसारखी लांब. सकाळी आल्या आल्या तारेच्या यंत्राची पितळी मूठ ते रुमालानं पुसायचे आणि मगच कामाला लागायचे. ते कट्ट कडकट्ट सुरू झालं की पोस्टमास्तरसुद्धा हळू बोलायचे. तात्यांचं म्हणणं असं, की पत्रात माणूस चार ओळी वायफळ लिहू शकतो. तारेत शब्द मोजून घालायचा, म्हणून तो तपासूनच घातला पाहिजे.

आता त्या पट्ट्यातली एक रीत सांगायला हवी. तिथं घरटी एक पोरगा फौजेत. रजा वर्षाकाठी एकदा, तीही साहेबाच्या मर्जीवर. मग बहिणीचं लग्न ठरलं, बांधावरून भावकीत जुंपली, किंवा नुसतं पोराचं तोंड बघावंसं वाटलं, तरी तार जायची: 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' ही मदर बहुतेक वेळा स्वतःच दोन कोस चालत, पदर खोचून तार करायला आलेली असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. साहेबाला समजणारी भाषा तेवढीच, असा सगळ्यांचा हिशेब.

तात्यांना मात्र ते खपत नसे. लोकांनी दिलेली तार नाकारता येत नाही, असा नियम होता. लिहून आणलेला फॉर्म ते मुकाट्यानं पाठवत. त्या दिवशी जबडा तेवढा आवळलेला असे. पण इंग्रजी लिहिता येणारं गावात कोण होतं? फॉर्म भरायला लोक तात्यांकडेच येत, आणि तिथं ते अडून बसत.

"कोन सीरियस हाय, आक्का?"

"मीच की, मास्तर."

"काय हुतंय?"

"काय सांगू बाबा. पोराची लय सय येतीया."

"ह्येला सीरियस म्हनत न्हाईत. ह्येला सय म्हनत्यात." तात्या खणातून आंतर्देशीय पत्र काढायचे. "बसा बाकावर. सय आल्याचं लिहितो."

आणि खरंच लिहायचे. आई धडधाकट आहे, म्हशीला रेडकू झालं, कोनाड्यातल्या तुझ्या फोटोवरची धूळ आई रोज पुसते, रजा मिळाली तर ये. बायका ऐकता ऐकता रडायच्या आणि बाहेर पडल्यावर तात्यांना शिव्या द्यायच्या. पत्रावर कुठल्या साहेबानं रजा दिली आहे? मलाही तात्यांचा हा ताठा आवडत नसे. एकदा म्हणालोही, "तात्या, एक शब्द घातला तर तुमचं काय जातं?"

त्याचं उत्तर मिळालं पुढच्या महिन्यात.

एका सकाळी यंत्र बोलायला लागलं आणि तात्यांची पेन्सिल मध्येच थांबली. शेजारच्या वाडीतला एक पोरगा सरहद्दीवर बर्फाखाली सापडून गेला होता. असली तार ते तारवाल्याच्या हाती कधी देत नसत, स्वतः जात. त्या दिवशी मला म्हणाले, "सांगलीकर, चल." आम्ही दोन सायकलींवरून गेलो. तात्यांनी सायकल घरापासून लांब बांधाला टेकवली, टोपी काढून हातात घेतली. अंगणात आई शेंगा निवडत होती. तात्यांनी पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला तो खाली ठेवला आणि तिच्यासमोर मातीतच बसले. "काकू, सदा गेला," म्हणाले. तेवढंच. मी वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं, फार भयंकर झालं, आभाळ कोसळलं, असं काहीबाही. तोंड उघडणार तोच तात्यांनी माझा दंड दाबला. बाईंनी हातातल्या शेंगा एकेक करून सुपात परत टाकल्या आणि मग त्यांचा आवाज फुटला. तो मी आजही विसरलेलो नाही.

परतताना तात्या सायकल हातात धरून चालत होते. चालता चालता म्हणाले, "सीरियस हा शब्द ह्येच्या एकच पायरी अलीकडं हाय. खऱ्या येळंला त्येला हाक मारायची आसती. उगंच रोज हाका मारल्या, तर त्यो यील व्हय रं?"

मला पटलं. पण पटणं आणि वागणं यांत अंतर असतं, आणि ते माझ्यात जरा जास्तच आहे.

त्या हिवाळ्यात उंब्रजच्या पोस्टातला तारेचा माणूस आजारी पडला आणि तात्यांना तीन महिने तिकडं कामावर धाडलं. ते आठवड्यानं घरी यायचे. इकडं यंत्रावर पोस्टमास्तर बसू लागले आणि फॉर्मची खिडकी माझ्या हाती आली. दुसऱ्याच दिवशी एक बाई आली. दोन वर्षं पोरगा आला नव्हता, सून माहेरी जाऊन बसली होती. तिनं काही मागितलंसुद्धा नाही, नुसती बाकावर बसून राहिली. मी फॉर्म ओढला आणि लिहिलं, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' आठ दिवसांनी पोरगा आला, सून नांदायला आली. बाई ओंजळभर पेढे घेऊन माझ्या पाया पडायला आली. मग काय, सांगलीकर साहेब लिहून देत्यात, असं पंचक्रोशीत झालं. कुणी शेंगा आणायचं, कुणी वाळकं. माझी बायको खूश होती. मलाही आपण पुण्याचं काम करतोय असं वाटे. तीन महिन्यांत किती आयांना मी मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, ते मी मोजलं नाही. त्यांतली बरीच पोरं एकाच पलटणीत होती. तात्यांचा मुलगा जयवंतही त्याच पलटणीत होता. हे मला माहीत होतं. माहीत असून ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तात्या परत आले. उन्हाळ्यात वहिनींना कावीळ झाली. गावठी औषध झालं, झाडपाला झाला, साताऱ्याचा डॉक्टर झाला. पोट फुगलं आणि त्या भ्रमात बडबडायला लागल्या. एका सकाळी तात्या पोस्टात आले, मूठ पुसली, आणि फॉर्म न भरताच यंत्रावर बसले. मी शेजारी उभा होतो. त्यांच्या हातून तो शब्द त्यांच्या स्वतःच्या घरासाठी पहिल्यांदा गेला. 'मदर सीरियस कम.' मग त्यांनी रीतसर फॉर्म भरला, माझ्याकडं दिला आणि घरी गेले.

जयवंत आला नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी दुसरी तार केली. पाचव्या दिवशी वहिनी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या. कुणाची पावलं वाजली की विचारायच्या, "जयवंता आला व्हय?" तात्या म्हणायचे, "यील. तार केलीया." त्यांना स्वतःला त्यात तिळमात्र शंका नव्हती. शब्द खरा होता ना.

जयवंत आला तो दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. सोप्यात सतरंजीवर मी होतो, तात्या होते. जयवंत दाराशी ट्रंक टाकून तिथंच बसला.

"तार पोचली न्हवती व्हय?" तात्यांनी विचारलं.

"त्याच दिशी पोचली, तात्या. साहेबानं वाचली आनि हसला. म्हनला, तुमच्या गावच्या समद्या आया एकाच साली कशा काय सीरियस हुत्यात? गेल्या डावाचा एक गडी तर पेढं घिऊन परत आलता." जयवंतचा आवाज फाटला. "चौकशीचं पत्र धाडलं त्यांनी साताऱ्याला. त्येचं उत्तर येईस्तवर सोडलं न्हाई मला. मी पाया पडलो साहेबाच्या."

मला उठून जावंसं वाटत होतं. पेढे. ते पेढे मी खाल्ले होते.

तेराव्यानंतर तात्या कामावर आले तेव्हा मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "तात्या, तुम्ही उंब्रजला होता तेव्हा त्या तारा मी लिहिल्या."

"ठावं हाय," ते म्हणाले. "फॉर्म इथंच हायती. तुजं अक्षर वळखतो मी."

"केव्हापासून?"

"आल्या दिशीच बगितलं."

"मग बोलला का नाहीत? मला शिव्या तरी द्यायच्या!"

त्यांनी मूठ पुसायला घेतली. पुसून झालेलीच पुन्हा पुसली. "काय बोलू? त्याबी आयाच हुत्या. त्यास्नीबी पोरगं बगायचं हुतं." मग म्हणाले, "आनि मी रं काय केलं? शब्द राखला, राखला. हिच्यासाठीबी राखला. रोज चार वाजता हितं खिडकीत उबी ऱ्हायाची. एक शब्द ऐकायला उबी ऱ्हायाची ती. म्हनलो आसतो, तर काय झिजलं आसतं?"

चार वाजले. त्या दिवशी किटली येणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघांनी खिडकीकडं बघितलं.

त्यानंतर तात्यांनी लोकांच्या तारेत सीरियस घालणं सोडूनच दिलं. खरीखुरी वेळ असली तरी नाही. "त्यो शब्द मेला," म्हणायचे. त्याऐवजी ते माणसाला बाकावर बसवून विचारत बसायचे. एक शेतकरी आला, बाप हातरुणाला खिळला होता, धाकट्या भावाला बोलवायचं होतं.

"काय हुतंय त्यास्नी?"

"लय खराब हाय, मास्तर. लयच."

"ते ऱ्हाऊ दे. काय हुतंय ते सांग."

शेतकरी विचारात पडला. "काल दावनीला नेलं धरून. सोन्या बैल त्येनीच लहानाचा मोठा केला. म्हनाले, हा बैल कुनाचा?"

तात्यांनी तेच लिहिलं. 'फादर नॉट रेकग्नायझिंग हिज बुलक.' पोस्टमास्तर खो खो हसले. शेतकऱ्याला मात्र मी अर्थ सांगितला तेव्हा तो डोळे पुसत बाहेर पडला. चौथ्या दिवशी भाऊ येऊन हजर झाला.

पुढं माझी सांगलीला बदली झाली, तात्याही निवृत्त झाले. वर्षात एखादं कार्ड यायचं: प्रकृती बरी आहे. मग एकदा ते स्वतःच आले, गावच्या एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. अन्ननळीत गाठ होती. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच न्या. मी माझ्या घरी नेलं. पेठेमागच्या आमच्या दोन खोल्या, हळदीच्या धुळीनं खिडकीचे गजसुद्धा पिवळे. तात्या खिडकीशी पडून राहायचे. पाण्याचा घोटसुद्धा मोठ्या मुश्किलीनं जायचा.

"जयवंताला बोलवू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवून हो म्हटलं. मी कागद घेतला. "काय लिहू?"

त्यांना हसू आलं, फार दिवसांनी. "हुतंय ते लिही की. च्या जात न्हाई."

मी सांगलीच्या तारऑफिसात जाऊन फॉर्म भरला. 'फादर नॉट टेकिंग टी. कम.' खिडकीवरच्या माणसानं वाचलं, माझ्याकडं बघितलं. "अहो, चहाचं काय घेऊन बसलात? सीरियस घाला. असल्या तारेवर कोण रजा देतंय?"

माझा हात पुढं झाला. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. या वेळीही पोरगा आला नाही तर तात्या दाराकडं बघत जातील, आणि दुसऱ्यांदा ते माझ्याच हातानं होईल. पेन फॉर्मवर टेकवून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी फॉर्म तसाच आत सरकवला.

तीन दिवस मला घास गेला नाही. चौथ्या दिवशी दुपारी दाराशी ट्रंक वाजली. जयवंत वर्दीतच होता, दोन दिवसांच्या प्रवासानं काळवंडलेला. घाईनं बूट काढून तो बापाच्या उशाशी बसला.

"साहेबानं सोडलं?" मी विचारलं.

"नवा साहेब हाय. तार वाचून मला इचारलं, ह्येचा अर्थ काय? मी म्हनलो, माजा बाप दिवसाला सहा डाव च्या पितो, साब. साहेबानं घड्याळ बगितलं. म्हनला, ह्ये कोन खोटं लिहील? जा, आजच्याच गाडीनं नीघ."

तात्या ऐकत होते. त्यांनी जयवंतचा हात धरला. मग खूण केली, बशीची. डॉक्टर नको म्हणाले होते, पण आता डॉक्टरांचं काय राहिलं होतं? माझ्या बायकोनं आत लगबगीनं चहा टाकला, किटली बाहेर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावून परत आत गेली. जयवंतनं बशीत ओतून तात्यांच्या ओठांना लावला. थोडा आत गेला, बाकीचा ओघळून जयवंतच्या खाकी बाहीवर सांडला. तात्यांनी डोळे मिटले होते. बाहेर पेठेत चाराचा टोल पडला.

"कसा झालाय, तात्या?" जयवंतनं विचारलं.

तात्यांनी डोळे उघडले. ते जयवंतकडं बघत नव्हते, माझ्याकडं नाही, आतल्या दाराकडंही नाही. खिडकीकडं बघत होते.

"लय ग्वाड झालाय गं," ते म्हणाले. "लय ग्वाड."

त्यानंतर ते बोलले नाहीत. पहाटे गेले. उरलेला चहा मात्र आम्ही तिघांनी त्याच दुपारी पेल्यांत ओतून घेतला होता. पहिल्या घोटाला कळलं, की गडबडीत त्यात साखर घालायची राहून गेली होती. आम्ही तो तसाच प्यायलो.